थांबली की बंद

आमची गाडी चौदा वर्षांची. दोन घरं फिरून आमच्याकडे आलेली, पेट्रोलवरची, लहानशी. आम्ही मियाँ-बीवी दोघंही शिक्षक, शाळेपुरती स्कूटर भागते. गाडी खरं तर अम्मींसाठी. अम्मींच्या डोळ्याचं ऑपरेशन कराडला ठरलं आणि नेमकी तेव्हाच गाडीला खोड लागली. चालत असताना काही नाही. थांबली की इंजिन थरथरायचं आणि बंद पडायचं.

पहिल्यांदा बंद पडली ती बहादूरशेख नाक्यावर, शाळा सुटायच्या वेळेला. चिपळूणकरांना तिथली गर्दी सांगायला नको. मागून हॉर्नचा नुसता मारा. चावी फिरवली की लगेच चालू व्हायची आणि पुढच्या वळणाशी थांबलो की पुन्हा तेच. पुढच्या सीटवर बसलेल्या अम्मी म्हणाल्या, "कुकरचं रबर गेल्यावर वाफ सुटते ना, तसा आवाज येतोय पायाशी. कसलं तरी रबर गेलंय बघा."

आम्ही हसलो. गाडीत कुठला आलाय कुकर!

दुसऱ्या दिवशी नेहमीच्या गॅरेजात गेलो. तिथं बॉनेट उघडून इंजिन वीस मिनिटं चालू ठेवलं, पण ते शहाण्या मुलासारखं चालत राहिलं. इन्स्पेक्शनच्या दिवशी वर्ग शांत बसतो, अगदी तसं. तरी त्यांनी प्लग बदलले आणि थ्रॉटल बॉडीतला कार्बन साफ केला. हे काही चुकीचं नव्हतं. गाडी उभी असताना आपला पाय अ‍ॅक्सिलरेटरवर नसतो, हवेची मोठी झडप जवळपास मिटलेली असते आणि इंजिन थोड्याशा हवेवर मिनिटाला सातशे-आठशे फेरे घेत कसंबसं जिवंत राहतं. त्या वाटेत काजळी साचली की ते गुदमरतं. अशी खोड असलेल्या बऱ्याच गाड्या एवढ्यानंच बऱ्या होतात. आमची झाली नाही. बिल बावीसशे. संध्याकाळी बाजारात पुन्हा बंद. मग त्यांनी पेट्रोलचा पंप बदलायला सांगितला, आणि त्याचा आकडा ऐकून आम्ही घरी येऊन गप्प बसलो. ऑपरेशनसाठी बाजूला ठेवलेल्या पैशांना हात लावायचा की एसटीनं जायचं? डोळ्याला पट्टी बांधलेल्या अम्मींना एसटीतून कुंभार्ली घाट उतरवायचा, हे मनाला पटत नव्हतं. त्या रात्री आमचं आपसात थोडं वाजलंही. ही गाडी घ्यायची कल्पना मुळात कोणाची, यावरून.

शेवटी शेजाऱ्यांनी खेर्डीतल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे पाठवलं. सगळे त्यांना चाचा म्हणतात. चाचांनी बॉनेटला हातही लावला नाही. एवढंच विचारलं, "गाडी थांबली की बंद पडते, का ब्रेक दाबला की?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. थांबायचं म्हणजे ब्रेक दाबायचाच, त्यात फरक तो काय?

"बसा. ब्रेकला पाय लावू नका, हँडब्रेक ओढा, आणि इंजिन चालू करा." इंजिन चाललं. पाच मिनिटं झाली, काही नाही. "आता ब्रेक दाबून धरा." पाय पेडलवर गेला आणि पायाशी फुस्स झालं, इंजिन थरथरलं, बंद. पुन्हा करून पाहिलं, पुन्हा तेच. गॅरेजात खोड का सापडली नव्हती तेही कळलं. तिथं इंजिन चालू असताना ब्रेकवर कोणाचा पायच नव्हता.

चाचांनी समजावलं ते असं. पेडलच्या पुढे, इंजिनाच्या बाजूला एक चपटा काळा डबा असतो, त्याला बूस्टर म्हणतात. इंजिन जी हवा ओढतं, तिच्या जोरावर हा डबा आपल्या पायाला मदत करतो. आत रबराचा पडदा असतो. आमचा पडदा फाटला होता. ब्रेक दाबला की फाटक्या जागेतून हिशेबाबाहेरची हवा इंजिनात शिरायची. वेगात असताना इंजिन ती पचवायचं, पण उभं असताना मुळात हवाच थोडी, त्यामुळे ते कोलमडायचं. चाचांनी बूस्टरची नळी पकडीनं चिमटून दाखवली. ब्रेक दाबला तरी इंजिन चालूच! पण पेडल दगडासारखं घट्ट झालं.

ते पेडल पायाला लागलं तेव्हा आम्हाला घाम फुटला. "पडदा पुरता गेला असता तर ब्रेक असाच लागला असता," चाचा म्हणाले. "लागतो, पण दोन्ही पायांचा जोर लावावा लागतो." आणि आम्ही चार दिवसांनी घाट उतरणार होतो.

कोणाची गाडी जुनी असेल तर चाचांनी शिकवलेली तपासणी घरीही करता येते. इंजिन बंद ठेवून ब्रेक पाच-सहा वेळा दाबा, पेडल घट्ट होईल. तसंच दाबून धरा आणि इंजिन चालू करा. पेडल किंचित खाली गेलं तर बूस्टर काम करतोय. नाही गेलं तर मिस्त्रींकडे जा. आणि चालत्या गाडीत इंजिन बंद पडलंच तर ब्रेक पुन्हा पुन्हा सोडू-दाबू नका. बूस्टरमध्ये एक-दोन वेळांपुरतीच मदत शिल्लक असते. एकदाच जोरात दाबून धरा, आणि गाडी थांबेपर्यंत चावी काढू नका, नाहीतर स्टिअरिंग लॉक होतं.

बूस्टर बदलायला मजुरीसकट साडेचार हजार लागले. घरी येऊन अम्मींना सांगितलं, "रबरच गेलं होतं." त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मग मी काय सांगत होते?" आमच्याकडे उत्तर नव्हतं.

ऑपरेशन झालं, अलहम्दुलिल्लाह. येताना कोयनानगर मागे पडलं आणि घाट सुरू झाला. अम्मी पट्टी बांधून पुढच्या सीटवर डोळे मिटून बसल्या होत्या. दुसऱ्या वळणाला म्हणाल्या, "मागच्या उजव्या दाराशी काहीतरी खडखडतंय."

आम्ही मुकाट्यानं गाडी बाजूला घेतली.