तापीकाठची खापरं

जळगाव-धुळ्याकडच्या मुला-मुलींच्या मनात पुरातत्त्वात एम. ए. करायचं आलं, की डोळ्यांपुढे आधी अजिंठा उभा राहतो. साहजिकच आहे. लेणी पाहायला येणारे कितीतरी प्रवासी जळगावलाच रेल्वेतून उतरतात. त्या भित्तिचित्रांच्या नकला करण्यात आयुष्याची कित्येक वर्षं घालवणाऱ्या रॉबर्ट गिलची कबर भुसावळात आहे. 1872 पासून जॉन ग्रिफिथ्स यांनी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतले विद्यार्थी आणून वर्षानुवर्षं नकला करून घेतल्या, त्याही अजिंठ्यातच. तरीही खानदेशच्या विद्यार्थ्याने सुरुवात अजिंठ्यापासून करू नये, असं माझं ठाम मत आहे. त्याने आधी खापरं हातात घ्यावीत.

इथल्या पहिल्या शेतकऱ्यांचा इतिहास ना कागदावर आहे, ना शिलालेखात. तो गावालगतच्या पांढरीत, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीच्या टेकाडात आहे. उदाहरणार्थ प्रकाशे, भाविकांची दक्षिण काशी. 1955 मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या बी. के. थापर यांनी तापी-गोमाईच्या संगमावर तिथे उत्खनन केलं, तेव्हा वस्तीचे चार कालखंड एकावर एक निघाले. कोणत्याच थरावर तारीख लिहिलेली नसते. खाली माळवा पद्धतीची रंगीत भांडी, मग जोर्वे पद्धतीची, आणि त्याच्याही वर लोहयुगातली काळी-तांबडी भांडी. काळ ठरवायला हाच क्रम उपयोगी पडला. जोर्वेचं खापर पातळ, लालसर, पक्कं भाजलेलं असतं. नखाने टिचकी मारली तर खणखणतं. पुस्तकातलं छायाचित्र पाहून हे कळत नाही.

सावळदा हे तापीकाठचं गाव पूर्वी धुळे जिल्ह्यात होतं, आता नंदुरबारमध्ये आहे. तिथल्या जाड, काळ्या रंगाने चितारलेल्या भांड्यांवर बाणाच्या टोकांसारखी हत्यारं काढलेली दिसतात. महाराष्ट्रातल्या सर्वांत जुन्या शेतकरी वस्त्यांच्या संस्कृतीला अभ्यासकांनी याच गावाचं नाव दिलं. शां. भा. देवांपासून ह. धी. सांकळियांपर्यंत अनेकांनी महाराष्ट्राचा पुरातत्त्वीय नकाशा भरला, पण खानदेशच्या वाट्याला आलेले चिकाटीचे संशोधक म्हणजे एस. ए. साळी. त्यांनी हा टापू धुंडाळला आणि पुढे 1975 ते 1979 या काळात प्रवरेकाठी दायमाबादला उत्खनन केलं. तिथल्या अगदी तळच्या थरात सावळद्याचीच भांडी होती. साक्री तालुक्यातल्या कवठ्याला डेक्कन कॉलेजच्या उत्खननात त्याच लोकांच्या, जमिनीत खड्डे करून उभारलेल्या घरांच्या खुणा मिळाल्या.

दायमाबादचं नाव निघालं की कोणालाही ब्राँझचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा आठवतात. 1974 मध्ये ही अप्रतिम शिल्पं एका स्थानिक भिल्ल माणसाला झुडपाच्या मुळाशी खणताना सापडली. शास्त्रीय उत्खननातल्या थरातून ती आली नाहीत, म्हणून त्यांच्या काळाविषयी विद्वानांत वाद झाले. कलाकृती कितीही देखणी असो, ती कोणत्या थरातली, तिच्या शेजारी काय पडलं होतं, हे हरवलं की तिच्याविषयी बोलताना दर वाक्याला ‘बहुधा’ लावावं लागतं. एम. ए.च्या दोन वर्षांत विद्यार्थ्याच्या हाडीमाशी हे एवढं खिळलं तरी मला पुरे वाटतं.

आता याच्या उलट उदाहरण पाहा, तेही घरचंच. चाळीसगाव तालुक्यातलं पाटणे. साळी यांनी 1972-73 मध्ये तिथे उत्खनन केलं आणि उत्तर पुराश्मयुगीन थरात शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचा एक तुकडा मिळाला. त्यावर दोन समांतर रेघा आणि त्यांच्यामध्ये आडव्यातिडव्या रेषांची जाळी कोरलेली. काळ सुमारे 25,000 वर्षांपूर्वीचा. एवढासा तुकडा, पण भारतातल्या कलेच्या आरंभाची चर्चा त्याला वगळून होत नाही, कारण त्याचा थर ठाऊक आहे.

त्याच पाटण्याच्या देवळात 1207 चा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ काढला, त्याची ही नोंद. डॉ. भाऊ दाजी यांनी तो उजेडात आणला. पण लेख वाचणं ही पुढची पायरी.

अहवाल वाचायला बसलेल्या नव्या विद्यार्थ्याची एक अडचण हमखास होते. प्रकाशे जुन्या अहवालात ‘पश्चिम खानदेश’मध्ये, नंतरच्या लेखनात ‘धुळे’ जिल्ह्यात आणि 1 जुलै 1998 पासून नंदुरबारमध्ये. म. न. देशपांडे यांनी उत्खनन केलेलं गिरणाकाठचं बहाळ ‘पूर्व खानदेश’मध्ये. म्हणून जिल्ह्यापेक्षा नदी धरून शोधावं. वस्त्या नदीच्याच आधाराने वसल्या होत्या.

आणि घाई करावी. पांढरीची माती धाब्याच्या घरांवर टाकायला, शेतात पसरायला लोक पिढ्यान्‌पिढ्या नेत आले. पूर्वी ती पाटीने, बैलगाडीने जायची. आता यंत्र लागलं की टेकाडाचा मोठा भाग बघता बघता जातो. त्यात शेतकऱ्याला दोष देण्यासारखं काही नाही, त्याला कोणी सांगितलेलंच नसतं. प्रबंधासाठी विषय शोधणाऱ्याने पांझरा किंवा बोरी अशी एकच नदी घ्यावी, उगमापासून तापीपर्यंत पायी चालावी, प्रत्येक टेकाडाची जागा नकाशावर मांडावी, वर पडलेल्या खापरांच्या काठांची चित्रं काढावीत, आणि त्या नोंदींची एक प्रत गावच्या ग्रामपंचायतीत मराठीत ठेवून यावी.