इंद्रायणीपलीकडची शिकवणी

पुण्याहून नाशिकच्या रस्त्याने निघालेल्या माणसाला भोसरी कुठे संपली आणि मोशी कुठे लागली, हे हल्ली कळेनासे झाले आहे. दुकानांमागून दुकाने, गाळ्यांमागून गाळे. मोशी मागे टाकून इंद्रायणीचा पूल ओलांडला, की पिंपरी-चिंचवड महापालिकेची हद्द संपते आणि खेड तालुका सुरू होतो. नदीच्या वरच्या अंगाला देहू, खालच्या अंगाला आळंदी. मधल्या या पुलावरून मात्र नव्याकोऱ्या मोटारी लादलेले लांबलचक ट्रेलर रात्रंदिवस चाललेले असतात. पुढे चिंबळी, कुरुळी, मेदनकरवाडी अशी गावे लागतात आणि मग चाकण.

चाकण म्हटले की आमच्या लहानपणी दोनच गोष्टी आठवत. एक इतिहासाच्या पुस्तकातली. १६६० साली फिरंगोजी नरसाळा यांनी संग्रामदुर्ग हा भुईकोट शाएस्तेखानाच्या अफाट फौजेपुढे जवळजवळ दोन महिने झुंजवला. दुसरी मंडईतली, म्हणजे चाकणचा कांदा. किल्ल्याचे आता थोडेसे अवशेष उरले आहेत आणि कांद्याचा बाजार अजूनही भरतो. पण चाकणचे नाव आज देशोदेशी पोचले आहे ते मोटारींमुळे. फोक्सवॅगन, मर्सिडीज-बेंझ, महिंद्र, बजाज अशी मोठमोठी नावे येथल्या माळरानावर झळकतात आणि त्यांना सुटे भाग पुरवणारे लहानमोठे कारखाने तर मोजण्यापलीकडे.

बाहेरून आलेल्या माणसांचे या टापूला नावीन्य नाही. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांची छावणी पिंपरीत पडली, ती अजून ‘कॅम्प’ याच नावाने ओळखली जाते. १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली आणि देशाचे पेनिसिलिन पिंपरीत तयार होऊ लागले. १९६२ मध्ये राज्याचे औद्योगिक विकास महामंडळ जन्माला आले. आकुर्डीला बजाज आणि पिंपरीला टेल्को यांच्या भोंग्यांवर घड्याळे लागू लागली. १९८२ साली येथे महापालिका झाली आणि २०११च्या जनगणनेत तिची वस्ती सतरा लाखांवर गेलेली आढळली. साताऱ्याहून, नगरहून, मराठवाड्यातून एक वळकटी घेऊन आलेला तरुण कारखान्यात चिकटला आणि दोन-चार वर्षांत ‘पर्मनंट’ झाला, की त्याचे लग्न जमे, निगडीला किंवा चिंचवडला घर होई, मुले शिकत. ‘पर्मनंट’ हा या भागातला सर्वांत मंगल शब्द होता असे म्हटले तरी चालेल.

हा शब्द आता दुर्मिळ झाला आहे. आज चाकणला येणारा माणूस ठेकेदारामार्फत येतो. तो बिहारचा असतो, उत्तर प्रदेशचा असतो, ओडिशाचा असतो, नाहीतर आपल्याच नांदेड-परभणीचा असतो. शेतकऱ्यांनी आपल्या उरल्यासुरल्या जमिनीत पत्र्याच्या खोल्यांच्या रांगा बांधल्या आहेत, त्यांतल्या एका खोलीत तो कुटुंबासह राहतो. शिफ्ट दर आठवड्याला बदलते. सुटी कुणाची रविवारी, कुणाची गुरुवारी. ठेका संपला की माणूस दुसऱ्या कारखान्याकडे, दुसऱ्या गावाकडे, कधी दुसऱ्या राज्याकडे निघतो. त्याच्या पाठोपाठ गॅसची शेगडी, गादी आणि मुले निघतात.

या मुलांसाठी नदीपलीकडच्या एका गावात एक लहानशी शिकवणी चालते. ती सुरू केली प्राधिकरणात राहणाऱ्या एका निवृत्त फोरमन गृहस्थांनी. खोल्यांच्या मालकाने कांदाचाळीशेजारची पत्र्याची शेड दिली. बुधवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी गावातलीच, बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला असलेली एक मुलगी शिकवते. रविवारी सकाळी फोरमनसाहेब गणित घेतात आणि मी वाचन. कॉलेजात मी एम.ए.च्या वर्गाला भाषाविज्ञान शिकवते; येथे मला ‘क’ला काना ‘का’ शिकवावे लागते. दोहोंपैकी कोणते काम अवघड, असे मला कुणी विचारले तर मी क्षणाचाही विचार करणार नाही.

मुले गावच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत जातात. शिक्षणहक्क कायद्याने, म्हणजे १ एप्रिल २०१० पासून, मुलाला त्याच्या वयाच्या इयत्तेत बसवायचे असते. मागच्या शाळेचा दाखला हाती नाही म्हणून प्रवेश अडवून ठेवता येत नाही. कायदा शहाणा आहे. पण अकरा वर्षांचे मूल पाचवीत बसले म्हणून त्याला पाचवीचे वाचता येतेच असे नाही. ‘असर’ नावाची वाचनाची पाहणी २००५ पासून देशभर खेडोपाडी होत आली आहे. तिच्या २०२४च्या अहवालानुसार ग्रामीण भागातल्या पाचवीच्या मुलांपैकी निम्म्याहून किंचित कमी मुलांनाच दुसरीच्या पुस्तकातला मजकूर वाचता आला. जी मुले एका जागी राहतात त्यांचीही ही गत. मग तीन वर्षांत तीन गावे पाहिलेल्या मुलाची काय कथा!

म्हणून आमच्या शेडमध्ये इयत्ता विचारत नाही. अक्षर ओळखणारी मुले एका सतरंजीवर, शब्द वाचणारी दुसऱ्या, परिच्छेद वाचणारी तिसऱ्या आणि गोष्ट वाचणारी चौथ्या. चौथी सतरंजी दाराजवळ असते, कारण तेथे उजेड चांगला पडतो. सातवीतला मुलगा आणि तिसरीतली मुलगी एकाच सतरंजीवर बसतात. पहिले चार दिवस मोठ्याला लाज वाटते, मग तो विसरतो.

मराठीच्या शिक्षकाला ही शेड म्हणजे एक प्रयोगशाळाच आहे. बिहारकडच्या मुलांच्या तोंडी ‘ळ’ बसत नाही. ‘शाळा’चे ‘शाला’ होते, ‘पाणी’चे ‘पानी’. ‘चमचा’ आणि ‘चार’ यांतला ‘च’ वेगवेगळा उच्चारायचा, पण लिहायचा मात्र एकच, हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर जो भाव उमटतो तो पाहून आपल्या व्याकरणकारांनाही क्षणभर संकोच वाटेल. उलट ओडिशाकडच्या मुलांना ‘ळ’ आणि ‘ण’ शिकवावेच लागत नाहीत. त्यांच्या भाषेत दोन्ही आहेत. गंजाम जिल्ह्यातल्या एका मुलीने पहिल्याच दिवशी ‘बाळ’ असे स्वच्छ म्हटले, तेव्हा शेजारच्या साऱ्या बिहारी मुलांनी तिच्याकडे मोठ्या आदराने पाहिले. त्या दिवसापासून ‘ळ’ची मास्तरीण तीच झाली.

अशी शिकवणी ही काही आजची कल्पना नव्हे. १८४९ साली मुंबईत एल्फिन्स्टन संस्थेतल्या दादाभाई नौरोजींसारख्या तरुणांनी मुलींच्या शाळा काढल्या, तेव्हा पगारी मास्तर नेमायला पैसा नव्हता. मंडळींनी आपला सकाळचा वेळ दिला आणि विनामोबदला शिकवले. १८५५ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात दिवसभर राबणाऱ्या स्त्री-पुरुषांसाठी रात्रीची शाळा चालवली. १९७९ साली किशाभाऊ पटवर्धन यांनी पुण्यात ‘स्व-रूपवर्धिनी’ सुरू केली, ती वस्तीतल्या मुलांचा संध्याकाळचा वेळ हाती धरूनच. बांधकामावरच्या मजुरांच्या मुलांना ‘डोअर स्टेप स्कूल’ने पुण्यात १९८९ पासून शोधून शोधून शिकवले; शाळेकडे मूल येत नसेल तर शाळेने मुलाच्या उंबऱ्याशी जावे, हा अर्थ त्या नावातच आहे. चिंचवडला, चापेकर बंधूंच्या गावात, पारधी आणि इतर भटक्या समाजांतल्या मुलांसाठी गिरीश प्रभुणे यांनी गुरुकुल उभारले. त्यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली.

या सर्वांहून मला उपयोगी पडला तो मुंबईच्या ‘बालसखी’चा दाखला. ‘प्रथम’ या संस्थेने वस्तीतल्याच, दहावी-बारावी झालेल्या मुली नेमल्या. वर्गात मागे पडलेली पंधरा-वीस मुले रोज दोन तास त्यांच्या हाती दिली. पुढे अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डफ्लो या अर्थशास्त्रज्ञांनी त्याची काटेकोर मोजणी केली. मुले खरोखरच सुधारली होती; शिकवणी थांबल्यावर वर्षभराने मात्र तो लाभ बराच ओसरला. यातून दोन गोष्टी कळतात. वाचायला शिकवण्यासाठी मोठी पदवी लागत नाही. आणि रोजचे, नेमाचे येणे थांबले की कमावलेले ओसरू लागते.

नेमका हाच नेम या टापूत सर्वांत महाग आहे. मुलाच्या आयुष्यात सारेच हलते आहे. बापाची शिफ्ट हलते, खोली हलते, शाळा हलते, शेजारची मैत्रीण एका रात्रीत नाहीशी होते. अशा मुलाला नवी वही आवडतेच. पण त्याचा खरा प्रश्न वेगळा असतो. दर रविवारी निघताना एक मुलगा मला विचारतो, “दीदी, अगले इतवार आओगी ना?” मी हो म्हणते. पुढच्या रविवारी मी दिसले की तो काही बोलत नाही, मुकाट्याने सतरंजी पसरू लागतो. हौसेने येऊन तीन रविवारांनी दिसेनाशी झालेली माणसेही मुलांनी पाहिली आहेत. मुले त्यांच्याबद्दल तक्रार करीत नाहीत. जाणाऱ्या माणसांची त्यांना सवय आहे, आणि मला वाईट वाटते ते या सवयीचेच.

गंजामची ती मुलगी बारा वर्षांची, सहावीत. खाली दोन भाऊ. आई एका कारखान्यात पॅकिंगला जात असे, म्हणून धाकट्याला कडेवर घेऊनच ती शिकवणीला येई. आली तेव्हा अक्षरांच्या सतरंजीवर होती. गेल्या वर्षी गणपतीच्या सुमारास तिचे वडील म्हणाले, “मॅडम, दिवाळीपर्यंतच ठेका आहे. पुढचे काही खरे नाही.” तेव्हा ती शब्द वाचत होती. दिवाळीला दोन महिने उरले होते. फोरमनसाहेबांनी आपल्या गणितातला अर्धा तास तिला दिला, बुधवार-शुक्रवारची ताई तिच्या खोलीच्या दारात बसून तिला वाचायला लावू लागली. दोन महिन्यांत काय होणार, असे आम्हा तिघांनाही वाटत होते. पण एकमेकांना कुणी तसे बोललो नाही. दसऱ्याला ती परिच्छेदाच्या सतरंजीवर आली. दिवाळीपूर्वीच्या रविवारी तिने दाराजवळ बसून एक गोष्ट पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचली. दोनदा अडखळली, दोन्ही वेळा जोडाक्षराला. धाकटा भाऊ मध्येच रडू लागला तेव्हा तिने बोट ओळीवर तसेच ठेवून त्याला थोपटले.

दिवाळीनंतर ती खोली दुसऱ्याच कुटुंबाने घेतली होती.

महिन्याभराने फोरमनसाहेबांनी तिच्या वडिलांना फोन लावला. ते सुरतेला होते, यंत्रमागावर. गंजामचे हजारो लोक तेथे पूर्वीपासून आहेत आणि तेथल्या महापालिकेच्या ओडिया माध्यमाच्याही शाळा आहेत. मुलीचे नाव तशाच एका शाळेत घातले होते. म्हणजे इतके दिवस घासलेली देवनागरी तेथे कामाची नाही! फोन ठेवल्यावर फोरमनसाहेब काही वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “एक लेथ चालवायला शिकलेला कामगार दुसऱ्या लेथवर अडत नाही हो.” भाषाविज्ञानाच्या माझ्या साऱ्या टिपणांत याहून नेमके वाक्य मला सापडलेले नाही. खुणेमागे आवाज असतो, आवाज जोडले की शब्द होतो, शब्दांतून गोष्ट कळते, ही किल्ली एकदा हाती आली की कुलूप बदलले तरी ती थोडी घासून लावता येते. आणि ‘ळ’ तर तिचा आधीपासूनच होता.

म्हणून, वाचकहो, आपल्यापैकी कुणाला दिवाळीच्या निमित्ताने अशा वस्तीकडे जावेसे वाटले, तर फराळाचा डबा जरूर न्यावा; मुलांना चकली आवडते आणि त्यांच्या आया परतीच्या डब्यात ठेकुआ घालून देतात. परंतु त्याआधी आपल्या आठवड्यातला एक ठरलेला दिवस मोकळा करता येतो का, हे घरात बसून पाहावे. शिकवायला दार उघडे असलेली, आईबापांच्या डोळ्यांसमोरची जागा निवडावी. मुलाच्या शाळेतल्या गुरुजींना भेटून घ्यावे. त्यांच्याशी चढाओढ नको. नवे कुटुंब आले की मुलाच्या आईबरोबर एकदा शाळेत जाऊन नाव घालून यावे, कारण कायद्यातले कलम तिला ठाऊक नसते आणि कचेरीची पायरी चढायला तिला सोबत हवी असते. वर्षभर येणे जमणार नसेल तर मुलांना आधीच तसे सांगावे. अमुक तारखेपर्यंत येईन असे सांगून त्या तारखेपर्यंत आलेला माणूस त्यांना पुरतो.

येती दोन आठवडे आमची शेड अर्धी रिकामी राहील. बिहारची काही कुटुंबे छठसाठी गावी जातील. जी राहतील ती मोशीच्या घाटावर इंद्रायणीत उभी राहून मावळत्या आणि मग उगवत्या सूर्याला अर्घ्य देतील. त्यानंतरच्या रविवारी सतरंज्या झटकून पसरल्या जातील आणि हजेरी घेतली जाईल. काही नावांना उत्तर येणार नाही, काही नवी नावे लिहावी लागतील. नव्यांना प्रथम ‘बाळ’ म्हणायला सांगायचे असा आता आमचा परिपाठच पडला आहे.