उलटी टीप

जखमांना टाके घालण्यात माझी तीस वर्षे गेली. कापडावर सरळ ओळ घालणे मात्र गेल्या श्रावणात आईकडून शिकावे लागले. आईला स्मृतिभ्रंश आहे. ती मला ओळखत नाही, ‘डॉक्टर’ म्हणते. पण सुईदोरा हाती दिला की तिच्या बोटांना सारे आठवते. हातांची सवय नावांपेक्षा उशिरा पुसली जाते, हे मी रुग्णांच्या नातेवाइकांना नेहमी सांगत असे. पाहिले ते आता.

मॅटीचे कापड, बोथट टोकाची सुई, सहापदरी दोऱ्याचे दोन पदर. सुई एक टाका पुढे वर काढायची, मागच्या टाक्याच्या टोकाशी खाली घालायची आणि कापडाखालून दोन टाक्यांएवढी पुढे न्यायची. वर अखंड रेघ उमटते. माझा दोरा ताणला गेला, कापड चुरगळले.

“डॉक्टर, ओढू नका. त्याला दुखेल,” आई म्हणाली.

(उठताना सुया मोजून डबीत ठेवाव्यात, रुग्णास मधुमेह असल्यास बोटेही पाहावीत.)

काल तिने माझी अख्खी ओळ उसवली. “सासरी हे चालायचं नाही,” म्हणाली आणि दोरा ओवण्यासाठी सुई माझ्याकडे दिली.