दाढीचा ब्रश कुणाच्या केसांचा?



दुकानात आपण पाकीट उलटंपालटं करून हिरवा ठिपका शोधतो. बिस्किटात अंडं आहे का, जेलीत जिलेटिन आहे का, सगळं वाचतो. पण न्हाणीघरातल्या फळीवरचा दाढीचा ब्रश कशाचा आहे, हे किती घरांत ठाऊक असतं? त्याच्यावर ना हिरवा ठिपका असतो ना तपकिरी त्रिकोण.

आमच्याकडे हा विषय निघाला मुलामुळे. त्याची दाढी दाट आणि कुरळी. दाढी केली की मानेवर पुटकुळ्या येतात. कुणीतरी सांगितलं, डब्यातला फोम सोड, कोमट पाणी घे आणि ब्रशने साबणाचा फेस काढ. सल्ला चांगलाच होता. ब्रश गोल फिरवला की केस भिजून मऊ होतात, उभे राहतात आणि पातं ओढत नाही. पण ब्रश शोधायला गेला तर समोर दोनच नावं येत राहिली, बोर आणि बॅजर. मला आधी झाडावरची बोरं आठवली. तो हसला आणि म्हणाला, "अगं आई, डुक्कर!"

तेव्हा मी नीट माहिती काढली. डुकराचे केस जाड आणि राठ असतात. ते पाणी शोषतात, म्हणून ब्रश आधी भिजवावा लागतो. वापरता वापरता केसांची टोकं फाटतात आणि ब्रश मऊ होत जातो. किंमत कमी, कारण हे केस बहुतेक कत्तलखान्यातून येतात. बॅजर हा बिळात राहणारा, तोंडावर काळे-पांढरे पट्टे असलेला प्राणी. त्याचे केस मऊ, पाणी धरून ठेवणारे, म्हणून ब्रश महाग. 'सिल्व्हरटिप' म्हणतात तो सगळ्यांत महाग. हे केस मुख्यतः चीनमधून येतात. २०१८ साली पेटा एशिया या संस्थेने तिथलं चित्रण जगासमोर आणलं. छोट्या पिंजऱ्यांत कोंडलेले बॅजर आणि त्यांना कसं मारतात, ते त्यात आहे. मला ते पुरतं बघवलं नाही.

मुलगा म्हणाला, "बॅजर नको, पटलं. पण डुक्कर तर मांसासाठीच मारलेलं असतं. केस नाहीतरी फेकूनच देणार. आणि मी काय ते खाणार आहे?"

प्रश्न सोपा नाही, आणि पंचविशीच्या मुलाला "नाही म्हणजे नाही" असं सांगून भागत नाही. मी त्याला लहानपणी पाठशाळेत शिकलेलंच आठवून दिलं: कृत, कारित, अनुमोदित. स्वतः करणं, दुसऱ्याकडून करवणं आणि केलेल्याला संमती देणं. गृहस्थाला सगळी हिंसा टाळता येत नाही. चूल पेटवली, पाणी वापरलं की आरंभी हिंसा होतेच. ती कमी करत राहायची. पण जिथे गरज नाही, दुसरी वस्तू मिळते, तिथे मारलेल्या जिवाच्या केसांना पैसे मोजले तर ती अनुमोदनाच. केसांनाही भाव मिळतो, म्हणून तो धंदा तेवढा फायद्याचा होतो.

मग प्राण्याचं काहीच चालत नाही का? आपल्याच साधूंकडे बघा. दिगंबर मुनींची पिंछी मोराच्या पिसांची असते, पण ती आपोआप गळलेली पिसं. श्वेतांबर साधू-साध्वींचं रजोहरण लोकरीचं असतं. लोकर कातरली तरी मेंढी जिवंत असते. म्हणजे ती वस्तू जिवापासून कशी वेगळी झाली, हा प्रश्न महत्त्वाचा. घोड्याच्या शेपटीच्या केसांचेही ब्रश मिळतात आणि ते केस घोड्याला न मारता कापता येतात. पण ते तसेच कापले, याची खात्री दुकानदार देऊ शकत नाही.

शेवटी घेतला सिंथेटिक. पूर्वीचा टोचणारा नायलॉन आठवू नका, आताचे तंतू टोकाला बारीक आणि खरंच मऊ असतात. ते पाणी पीत नाहीत, म्हणून पाणी आणि साबण दोन्ही कमी लागतं, शिवाय ब्रश लवकर वाळतो. आपल्याकडे ओल्या मळात ४८ मिनिटांच्या आत संमूर्च्छिम जीव होतात असं मानतात, म्हणून हा गुण मला मोठा वाटला. ब्रश धुऊन, झटकून, कोरड्या फडक्याने पुसून ठेवावा. मगात ओला सोडू नये. अर्थात हेही प्लॅस्टिकच. तेव्हा एकच घ्यावा आणि वर्षानुवर्षं वापरावा.

घरातला जुना ब्रश कशाचा, हे ओळखायचं असेल तर त्याचा एकच केस काढून चिमट्याने ज्योतीजवळ धरा. जळक्या केसांचा वास आला आणि चुरा झाला तर तो प्राण्याचा. वितळून मणी झाला तर सिंथेटिक. दाढीच्या साबणावर 'सोडियम टॅलोएट' लिहिलं असेल तर त्यात जनावराची चरबी आहे. परदेशी साबण घेताना हे जरूर वाचा.

आणि मैत्रिणींनो, हे फक्त पुरुषांपुरतं नाही. आपल्या पावडरचे, आयशॅडोचे ब्रश बकरीच्या किंवा खारीच्या केसांचे असू शकतात. केस विंचरायच्या महागड्या ब्रशवर 'बोर ब्रिसल' लिहिलेलं असतं. मुलांच्या चित्रकलेचे ब्रशही बघा. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने मुंगसाला संरक्षण आहे, तरी त्याच्या केसांचे ब्रश चोरून विकले जात होते. २०१९ मध्ये त्यासाठी देशात अनेक ठिकाणी छापे पडले.

२०१५ च्या पर्युषणात आपल्या मीरा-भाईंदरमधली आठ दिवसांची मांसविक्री बंदी देशभर गाजली. शहरासाठी नियम काय असावा, यावर लोक भांडले आणि पुढेही भांडतील. पण आपल्या फळीवर काय ठेवायचं, यासाठी ना पालिका लागते ना कोर्ट. बावन जिनालयातून दर्शन करून आलात की आज एकदा आपापल्या घरातले ब्रश हातात घेऊन बघा. कुणाकडे काय निघालं, मला जरूर कळवा.

जय जिनेंद्र!