वरातीचा आवाज कोणी ठरवायचा?

चि. रोहनस,


तुझ्या वरातीत डीजे असावा की नसावा, यावर घरात दोन तट पडलेत. डीजेला माझा विरोध नाही. आवाज किती असावा आणि तो कोणी ठरवावा, एवढंच मला मांडायचंय. माझ्या मते तो यजमानाने, म्हणजे तू ठरवावा. पाहुण्याला तो ठरवता येत नाही.

कानाला होणारी इजा आवाजाच्या जोरावर अवलंबून असते, तशीच तो किती वेळ कानावर पडला यावरही. कामाच्या जागी ८५ डेसिबलला दिवसाचे ८ तास ही मर्यादा धरतात. पुढे दर ३ डेसिबलला आवाजाची ऊर्जा दुप्पट होते, म्हणून सुरक्षित वेळ निम्मा होतो: ८८ ला ४ तास, ९१ ला २, ९४ ला १ आणि १०० ला जेमतेम १५ मिनिटं. डीजेच्या भिंतीसमोर १०० डेसिबल सहज ओलांडले जातात आणि वरात मारुतीच्या देवळापासून कार्यालयापर्यंत दीड-दोन तास रेंगाळते. मोकळ्या मैदानात लांब गेलं की आवाज झपाट्याने उतरतो. अरुंद गल्लीत तो दोन्हीकडच्या भिंतींवरून परत येतो. त्यात वैशाखातल्या उकाड्याने घरोघरी खिडक्या सताड उघड्या असतात.

यावर तुझे मित्र म्हणतील, कानात दडे बसतात, थोडं गुणगुणतं, पण सकाळी सगळं मोकळं होतं. ही समजूत मला सर्वांत घातक वाटते. अंतर्कर्णातल्या शंखात केसासारखे तंतू असलेल्या सुमारे १५ हजार संवेदनपेशी असतात. माणसात त्या एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. शेरॉन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात उंदरांना २ तास १०० डेसिबलचा आवाज ऐकवला. त्यांची ऐकण्याची क्षमता चाचणीत पूर्ववत आली, पण पेशी आणि श्रवणतंतू यांना जोडणारे बरेच सांधे कायमचे तुटलेले आढळले. माणसात हे नेमकं किती घडतं यावर संशोधकांत वाद आहे. तरी सकाळी कान मोकळा झाला म्हणजे तो पहिल्यासारखा झाला, असं आता छातीठोकपणे म्हणता येत नाही. गोंगाटाने येणारा बहिरेपणा आधी उंच पट्टीतले आवाज नेतो. स, श यांसारखी व्यंजनं निसटू लागतात आणि माणूस म्हणतो, ‘बोलणं ऐकू येतं, पण कळत नाही.’

‘एकाच दिवसाचा तर प्रश्न आहे’ हे तुझ्यापुरतं खरं. पण डीजेच्या गाडीवरची पोरं, बँडवाले आणि जनरेटर सांभाळणारा यांची अख्खी लग्नसराई अशीच जाते. ज्याला त्रास होतो त्याने बाजूला व्हावं, असंही कोणी म्हणेल. करा-दिवा घेतलेली करवली नवऱ्यामुलाजवळून कुठे हलणार? मानपानाच्या भीतीने आत्या मागे राहणार नाही आणि खांद्यावरच्या तान्ह्याला सांगता येत नाही. कापसाचे बोळे फारसे उपयोगी नाहीत. फोमचे इअरप्लग चांगले, पण ते चिमटीत वळून, कान वर-मागे ओढून आत सारावे लागतात आणि फुगेपर्यंत बोटाने धरावे लागतात. लहान मुलांसाठी कान पूर्ण झाकणारे इअरमफ आणावेत. हे सगळं जरूर ठेव, पण ती दुसरी तटबंदी समज.

आवाज कमी केला तर नाचायला मजा येणार नाही, या आक्षेपात थोडं तथ्य आहे; ठेका अंगात भिनावा लागतो. पण १० डेसिबल कमी केले तर कानाला आवाज साधारण निम्मा वाटतो आणि सुरक्षित वेळ मात्र दसपट होतो. १०० ला १५ मिनिटं, तर ९० ला सुमारे अडीच तास, म्हणजे सबंध वरात! ९० डेसिबलवर माणसं मजेत नाचतात. कायदा तर याहून कडक आहे: २००० सालच्या नियमांप्रमाणे सार्वजनिक जागेच्या हद्दीवर लाउडस्पीकरचा आवाज ७५ डेसिबलच्या वर जाऊ नये आणि रात्री १० ते सकाळी ६ तो बंदच ठेवायचा.

तेव्हा डीजेवाल्याला सुपारी देतानाच सांग, की नाचणाऱ्यांच्या जागी आवाज ९० च्या आत हवा आणि हद्दीवरची मर्यादा त्याहून खाली आणायला सांगत असेल तर आणखी कमी. मोबाइलवरचं ॲप अंदाजापुरतं पुरतं. माळा आणि सुतळी बॉम्ब गर्दीत नकोतच. तसा एक धमाकाही क्षणात इजा करतो. हे बोलणं बयाणा देण्याआधीच करून घे, वरात रंगात आल्यावर ते कोणी मनावर घेणार नाही.

तुझा,
मामा