वढवाण्याचे पाहुणे

सुटीच्या दिवशी मुलाबाळांना घेऊन कोठे जावे असा विचार निघाला की, वडोदऱ्याकडील आम्हा मराठी मंडळींच्या ओठी डभोईजवळच्या वढवाणा तलावाचे नाव येते. शहरापासून सुमारे ५० किलोमीटरांवरील हा जलाशय सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत, १९१० च्या सुमारास, शेतीसाठी बांधण्यात आला. जोजवा येथील बंधाऱ्यावर अडविलेले ओरसंग नदीचे पाणी कालव्याने येथे येते आणि आसपासच्या २५ गावांची शेते भिजविते.

पक्ष्यांसाठी हा तलाव कोणी बांधला नव्हता. परंतु उथळ पाणी, गवताळ काठ आणि शेजारी हिरवी शेते पाहून हिवाळी पाहुण्यांनी तो आपला मानला. मस्तकावर दोन काळे पट्टे असलेला पट्टकादंब हंस तर थेट हिमालय ओलांडून येतो. तांबूस डोक्याची लालसरी येते. कपाळी पांढरा टिळा मिरविणारे वारकरी पक्षी थव्याथव्यांनी तरंगत असतात. २०२१ साली रामसर करारान्वये या तलावाची आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ स्थळांत गणना झाली.

गेल्या डिसेंबरात आम्ही पाळेवर उभे असता सहलीस आलेल्या एका मंडळीने मोठ्याने गाणी लावली. त्यांतील एका मुलाने खडा भिरकाविला. अवघा थवा उडाला आणि मंडळींनी टाळ्या पिटल्या. आम्हाला त्या टाळ्या बोचल्या. परतीच्या प्रवासासाठी अंगी साठविलेली चरबी हीच या पक्ष्यांची शिदोरी होय. भयाने घेतलेल्या प्रत्येक उड्डाणात ती व्यर्थ खर्च होते. आपली घटकाभराची करमणूक ही अशा वेळी पाहुण्याच्या शिदोरीची चोरीच ठरते.

असिसीकर संत फ्रान्सिस यांना पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९७९ साली पर्यावरणरक्षकांचे आश्रयदाते घोषित केले. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात सृष्टीला आपणा सर्वांचे सामायिक घर म्हटले. दूरचा पाहुणा घरी निजला असता आपण दाराशी ताशा बडवितो काय?

तेव्हा वाचकहो, सहलीस अवश्य जा. डबा न्या, कागद व उष्टे मात्र परत आणा. पाळेवरूनच पाहा आणि हलक्या आवाजात बोला. मुले गप्प राहत नाहीत, अशी सबब सांगणाऱ्या मातापित्यांनी रविवारी मिस्सेच्या वेळी आपण त्यांना कसे बसवितो, ते आठवावे!