आंबा घाट उतरण्यापूर्वी

कोल्हापूरहून रत्नागिरीकडे जाताना आंबा गाव मागे पडले की रस्ता वळणे घेत साखरप्याकडे उतरतो. वळणावर गाडीचा भार बाहेरच्या टायरांवर येतो. जुन्या व्हॅनमध्ये पलंग, पाण्याची टाकी, शेगडी बसवून सहकुटुंब निघणाऱ्यांनी म्हणूनच आधी टायर पाहावेत. अशी गाडी महिनोन् महिने उभी असते. नक्षी नवी दिसते, पण रबर कडक होऊन बाजूंना भेगा पडतात. ‘डीओटी’ अक्षरांच्या ओळीतले शेवटचे चार अंक वाचा : २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. नवे टायर मूळ मापाचेच, पण मालवाहू व्हॅनचे घ्या. भारांक ११२ म्हणजे योग्य हवेत एका टायरला ११२० किलो. तेव्हा सामान आणि माणसांसह गाडी काट्यावर तोला, मगच दुकानात जा.